माझ्या हाताखालचा मेजर

६ एप्रिल १९७८, गुरुवार. सुट्टी.
कुत्रा आणला. नाव मेजर. कंपनीत मी हेल्पर, म्हणजे सगळे मला हुकूम सोडतात. आता माझ्याही हाताखाली एक जण आला. दादांना परभणीला तसंच कार्ड टाकलं. कुत्रा आहे, एवढं लिहायचं राहिलं.
कंपनीतला मालोजी बघायला आला. म्हणे, राव, एक कान उभा आहे, दुसरा रजेवर दिसतोय. जळतो.
घरमालकीण छबूबाईनं विचारलं, ह्याला खायला कोन घालनार? मी म्हणालो, टाइमटेबल होणार आहे. लगेच पालथा पडून टाइमटेबल लिहून काढलं. मला पालथं पडल्याशिवाय नीट लिहिताच येत नाही, शाळेत पण मास्तर ह्यावरूनच मारायचे.

८ एप्रिल. फर्स्ट शिफ्ट.
मेजरला अंगणातल्या लोखंडी खांबाला बांधलं. कासारवाडीत मोकळं कुत्रं हायवेवर मरतं. माझं एकदम सेफ. साखळी दोन हात. सकाळी तिथं सावली असते. दुपारी मी कंपनीत असतो, तेव्हा दुपारचं मला सांगता येणार नाही.
आलो तर पाण्याचं भांडं उपडं. बेशिस्त. शिक्षा म्हणून भाकरी बंद.
छबूबाई म्हणाली, मुक्या जिवाला उनात भाजतोस व्हय रं? मी समजावलं, मावशी, बॉर्डरवर जवान उन्हातच उभे राहतात. ती म्हणाली, त्यास्नी पानी तरी देत्यात.
अडाणी बाई.

१६ एप्रिल. सेकंड शिफ्ट.
माझी शिफ्ट बदलली, मेजरनं बदलली नाही. सकाळी मी झोपलेलो असताना केकाटतो. म्हणून त्यालाही शिफ्ट लावली: जेवण एकदाच, मी आल्यावर. पहिल्याच दिवशी ओव्हरटाइम लागला, जमलं नाही. दुसऱ्या दिवशी दमलो होतो. बाकी सिस्टम चोख.
दादांचं कार्ड आलं. हाताखालच्या माणसाला उपाशी ठेवू नको, तळतळाट लागतो. म्हातारपणी माणूस काहीही लिहितो.

१७ एप्रिल.
मेजरला खरूज. केस झडतायत. मालोजी म्हणे, गुरांच्या दवाखान्यात ने. छबूबाई म्हणे, लिंबाच्या पाल्याचं पानी घाल. दोघांचंही ऐकून घेतलं. आमच्या गावाकडं जालीम इलाज आहे: जळकं ऑईल. गॅरेजातून डबाभर आणलं आणि नाकापासून शेपटीपर्यंत चोळलं. नव्या मोटारसारखा चमकतोय. उद्यापर्यंत फरक.

१८ एप्रिल.
फरक पडला. मेजरनं सगळं ऑईल चाटलं आणि काळं ओकला. चाटायचं नसतं, हे त्याला कळायला पाहिजे होतं. तोंड अंगाला पोचू नये म्हणून साखळी एक हात केली आणि ड्यूटीवर गेलो.

१९ एप्रिल.
काल आलो तर खांबाला नुसती साखळी. छबूबाईनं मेजरला गोणपाटावर घालून ओसरीत नेलेलं. साबणानं धुतलेलं. गुरांच्या डॉक्टरला बोलावून आणलेलं. आणि आता मांडीवर घेऊन चमच्यानं ताक पाजत होती. माझ्या परवानगीशिवाय. मी तसं बोललो. ती म्हणाली, जा, त्यालाच इचार परवानगी.
ती त्याला बाळू म्हणते. बाळू म्हटलं की शेपूट हलते. मेजर म्हटलं की हलत नाही. बहिरा झाला असावा.

२० एप्रिल, गुरुवार. दुपारी १.
सुट्टी. आज चार्ज परत घेतो. साखळी घेतली आहे.

सायंकाळी ६.
मला बघून मेजर थरथरायला लागला, म्हणजे ओळखलं. पट्टा घालताना हाताला चावला. चार दात.
दवाखान्यात पोटात इंजेक्शन. एकूण चौदा, रोज एक. डॉक्टर म्हणाले, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेव. ठणठणीत राहिलं तर पुढची इंजेक्शनं नकोत. तसाच धावत आलो, खांबाची साखळी पुन्हा उचलली, ओसरीत गेलो. कुत्रं नाही.
छबूबाई साखळीकडं बघत म्हणाली, मेलं ते.
कसं मेलं? मेलं. कुठं पुरलं? तुला काय त्याचं सुतक धरायचंय?
चावलं आणि त्याच दिवशी मेलं. म्हणजे पिसाळलेलं होतं. दादांना कार्ड टाकावं का?

२५ एप्रिल. सहावं.
पोटाला गाठी आल्यात. वही भिंतीला टेकवून उभ्यानं लिहितोय, म्हणून थोडक्यात.
कॅन्टीनमध्ये मालोजीनं सगळ्यांसमोर माझ्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला. पिसाळलेलं चावलं की माणूस पाण्याला भितो म्हणतात. म्हणे, पी राव, बघू दे. प्यालो. ठसका लागला. अख्खं टेबल उठून पळालं.
मेजरची फार आठवण येते. त्यानं जगायला पाहिजे होतं. निदान महिनाअखेरपर्यंत.

३ मे. चौदावं.
संपलं. छबूबाईनं खोली सोडायला सांगितली. कारण विचारलं तर खांबाकडं बोट केलं. खांब तिचाच आहे, मी काय केलं?

४ मे, गुरुवार.
रहाटणीला खोली बघायला गेलो. दुसऱ्याच अंगणात, लिंबाखाली, मेजर. मोकळा. शेजारी पाण्याची परात. अंगावर नवी लव. घर मंजुळाबाईंचं, छबूबाईच्या सख्ख्या बहिणीचं. चावला त्याच दुपारी इथं पोचवलेला.
मी हाक मारली. रजेवरचा कानसुद्धा उभा झाला. मग मेजर उठला आणि घराच्या मागं निघून गेला.
परत येऊन छबूबाईला म्हणालो, मावशी, खोटं का बोललात? चौदा इंजेक्शनं खाल्ली मी. मला फक्त तो जिता आहे का, एवढंच बघायचं होतं.
ती म्हणाली, हे आधी कवा इचारलंस रं?
ह्याला माझ्याकडं चोख उत्तर आहे. पण पालथं पडल्याशिवाय ते मला लिहिता येणार नाही.