ताईचा अंगठा

मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४, भिवंडी

पाय दुखतायत, तरी लिहूनच टाकते. आज नोंदणी कचेरीत थोरल्या ताईने आणि मी हक्कसोडपत्र करून दिलं. बाबांमागे आलेला आमचा वाटा आता दादाच्या नावावर. टेमघरच्या शेतात त्याला लूमची शेड घालायचीय. बहिणींनी वाटा सोडायचा, भावाने साडी नेसवायची, आपल्यात असंच चालतं. त्याची तक्रार नाही.

पण ताईला वाटत होतं, फक्त शेत जातंय. कागदात घरही होतं. मी शाळेत शिकवते, बाकावर बसल्या बसल्या सगळं वाचलं. ताईला अक्षरओळख नाही. तिने विचारलं, "काय लिवलंय गं?" दादा समोरच होता. म्हटलं, "ठरलं तेच."

साहेबांनी विचारलं, "बाईंना वाचून दाखवलंत का?"

मी हो म्हटलं. का? माहेर तुटेल म्हणून? की सकाळपासून ताटकळून जीव कंटाळला होता म्हणून? ताईने अंगठा दिला.

बाहेर आल्यावर शाई निघेना. दादाने दिलेली साडी तिने पिशवीतच जपली, अंगठा जुन्या पदराला पुसत राहिली. वज्रेश्वरीच्या एसटीत बसवलं तेव्हा खिडकीतून म्हणाली, "शेत गेलं तं जाऊ दे. उद्या पोरांनी न्हाय बघितलं, तं आईच्या खोलीत येऊन राहीन. घर तरी हाय आपलं."

मी मान हलवली आणि साडीची पिशवी वर दिली. ती घेताना तिचा अंगठा अजून काळाच होता.