ब्लाझेनाच्या कबरीपाशी एक दिवस जाऊ देण्याबाबत

प्रति,
मा. व्हिसा अधिकारी,
वाणिज्यदूत कचेरी,
व्हिएन्ना.

विषय : दिवंगत पत्नीच्या कबरीपाशी जाण्यासाठी लिपिन्का (दक्षिण मोराविया) या गावी एक दिवसाचा प्रवेश मिळणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज व त्यांवर मिळालेली तोंडी उत्तरे.

महोदय,

१. आपण या जागी नुकतेच रुजू झाल्याचे समजते. त्यामुळे सर्व हकीकत पुन्हा एकदा सादर करीत आहे. मी, रूपर्ट लिंटनर, ऑस्ट्रियाचा नागरिक, व्हिएन्नातील एका वृत्तसंस्थेचा निवृत्त वार्ताहर आहे. माझी सारी नोकरी कम्युनिस्ट देशांत झाली. बुडापेस्टमध्ये मी बातमी लिहायला शिकलो, वॉर्सामध्ये रांगेत उभे राहायला शिकलो आणि आपल्या देशाच्या राजधानीत, प्रागमध्ये, लग्न केले. या नोकरीबद्दल लोकांच्या काहीतरी भलत्याच कल्पना असतात. प्रत्यक्षात माझे आयुष्य अधिवेशनांतली लांबलचक भाषणे ऐकण्यात, व्यासपीठावर कोण कोणाच्या शेजारी बसले हे टिपण्यात आणि मुलाखतीची परवानगी येईल म्हणून कचेऱ्यांच्या बाकांवर बसून राहण्यात गेले. बुखारेस्टला हिवाळ्यात हातमोजे घालून टंकलेखन केले. सोफियात एका मंत्र्याची वाट पाहिली. तो मंत्री असेपर्यंत भेट झाली नाही.

२. माझी पत्नी ब्लाझेना ही मूळची लिपिन्का गावची. प्रागमध्ये ती परदेशी वार्ताहरांसाठी दुभाष्याचे काम करीत असे. लग्नानंतर ती माझ्याबरोबर गावोगाव फिरली. वॉर्सामध्ये आमच्या दारासमोर पाळतीवर उभ्या असणाऱ्या गृहस्थांना ती खिडकीतून सांगत असे, "अहो, हा आता संध्याकाळपर्यंत लिहीत बसणार आहे. तुम्ही जाऊन जेवून या." ते खरोखरच जाऊन जेवून येत.

३. सन १९७३ मध्ये मला प्रागमधून देश सोडण्यास सांगण्यात आले. कारण असे की, एका सरकारी इमारतीतील लिफ्ट वसंतापासून बंद आहे व म्हातारे कारकून जिन्यात बसून धापा टाकतात, अशी बातमी मी दिली होती. ही टीका लिफ्टवर नसून देशाच्या नेतृत्वावर आहे, असे मानण्यात आले. मला लिफ्टबद्दलच म्हणायचे होते, हे मी तेव्हाही सांगितले, आजही सांगतो. पत्नी माझ्यासोबत निघून आली. ती विनापरवाना गेली, असा शेरा तिच्या नावापुढे पडला. पुढे तिची आई वारली, तेव्हा तिला जाऊ दिले गेले नाही. नकार आला त्या दुपारी ती स्वयंपाकघरात कणकेचे गोळे उकडत होती. तिथूनच मला म्हणाली, "लिफ्ट बंद होती ना? मग झालं. हात धू आणि जेवायला बस." त्यानंतर हा विषय तिने कधी काढला नाही. गोळे मात्र त्या दिवशी फार खारट झाले होते.

४. गेल्या वर्षी ती आजारी पडली आणि उठली नाही. शेवटी शेवटी तिने मला जवळ बोलावून सांगितले, "मला इथं ठेवू नकोस. आईशेजारी नेऊन ठेव. आणि वाटेत कुणाची मुलाखत घेत बसू नकोस." त्यानुसार मी तिचा अस्थिकलश नेण्यासाठी आपल्या कचेरीत अर्ज केला. पत्रकारांना या मार्गाने प्रवेश नाही, असे उत्तर मिळाले. मी निवृत्तीचा दाखला आणला. आपल्या आधीचे अधिकारी हसून म्हणाले, "पत्रकार कधी निवृत्त होतो का, लिंटनरसाहेब?" मी माझे ओळखपत्र त्यांच्या टेबलावर ठेवले आणि ते परत मागितले नाही. ते आपल्याच कपाटात असावे.

५. नंतर नवी अडचण निघाली. माझी पत्नी विनापरवाना गेलेली असल्याने परतीचा अर्ज तिने स्वतः हजर राहून करावा, असे कळविण्यात आले. मी मृत्यूचा दाखला पुढे ठेवला. खिडकीमागच्या कारकुनांनी तो अथपासून इतिपर्यंत वाचला आणि म्हणाले, "हे बरोबर आहे. पण सही त्यांचीच लागेल." त्यांचे कान लाल झाले होते, म्हणून मी वाद घातला नाही. कलश घेऊन घरी आलो आणि तिच्या खुर्चीवर ठेवला.

६. अखेर पत्नीचे धाकटे भाऊ व्रातिस्लाव, जे लिपिन्काच्या सहकारी शेतावर ट्रॅक्टर दुरुस्त करतात, त्यांनी त्यांच्या बाजूने खटपट केली. कलश सीमेवर सोपवावा, मात्र मी ओलांडून येऊ नये, असे ठरले. मी गेलो. जकात अधिकारी तरुण होता. आत छापील मजकूर आहे का, असे त्याने विचारले. मी म्हटले, "माझी बायको आहे." नियमाप्रमाणे त्याने झाकण उघडून पाहिले. मग स्वतःच ते घट्ट बसवले, बाहीने कलश पुसला आणि दोन्ही हातांनी उचलून पलीकडे नेला. अडसराच्या पलीकडे व्रातिस्लाव ठेवणीतला कोट घालून उभे होते. लग्नानंतर मी त्यांना प्रथमच पाहत होतो. केस पांढरे झाले होते. बोलण्यास मनाई होती. तरी कलश छातीशी धरून ते तिथूनच म्हणाले, "दाजी, जेवलात का?" पहारेकऱ्याने त्यांना गप्प केले. मी नुसती मान हलवली. खरे तर मी जेवलो नव्हतो.

७. पत्नी आता आईशेजारी आहे. व्रातिस्लाव यांनी कळविले आहे की, दगडावर तिच्या नावाखाली त्यांनी माझ्यासाठी जागा सोडली असून, परदेशी पत्रकाराला गावच्या दफनभूमीत जागा कशी, असा प्रश्न ग्रामसमितीने विचारला आहे. व्रातिस्लाव त्यांना म्हणाले, "पत्रकाराला नाही, माझ्या दाजींना दिलीय." हा मुद्दा अद्याप समितीपुढे आहे.

८. सबब विनंती की, मला सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्यापुरता प्रवेश मिळावा. मी पेन, कागद व कॅमेरा सीमेवर ठेवीन. सोबत कोणीही द्यावे, माझी हरकत नाही. कबरीपाशी त्यांनी थोडे लांब उभे राहावे, एवढेच. तेही शक्य नसल्यास नकाराचे कारण एका ओळीत, लेखी द्यावे. आपल्या बाजूच्या मौनाचा अर्थ लावून वाचकांना सांगणे हे माझे आयुष्यभराचे काम होते. ते मी आता सोडले आहे.

९. आणि जिवंतपणी मला प्रवेश देता येतच नसेल, तर माझा अस्थिकलश व्रातिस्लाव यांच्या हवाली करण्याची मंजुरी आजच नोंदवून ठेवावी. मी स्वतः हजर आहे तोवर सही करून देतो.

आपल्या खिडकीशी पुन्हा उभा राहिलेला, नम्र,

(सही)
रूपर्ट लिंटनर

व्हिएन्ना,
९ ऑक्टोबर १९८४

सोबत : १. पत्नीच्या मृत्यूचा दाखला.
२. माझ्या निवृत्तीचा दाखला.
३. अनुक्रमांक ९ मधील मंजुरीसाठी सही केलेला कोरा अर्ज; तारीख आपण घालावी.