लेथपुढचा खड्डा

बाबा, मी नवा लेथ केला. याचा बेड आडवा सपाट नाही, मागून उचललेला, छपरासारखा पुढे उतरता. लोखंडाचा कीस आपोआप खाली पडतो आणि चालवणारा ताठ उभा राहतो. तुम्ही आधी नाक मुरडलं असतं, आणि सगळे गेल्यावर एकट्यानं त्यावरून हात फिरवला असता.

पांढरकवड्याच्या आपल्या वर्कशॉपात तुम्ही दिवसभर कमरेत वाकून लेथवर ट्रकांचे शाफ्ट कातायचात. माणूस उंच, मशीन बुटकं. डिप्लोमाच्या सुट्टीत मी म्हटलं, मशीनच उंच करू. तुम्ही हसण्यावारी नेलंत. मग तुम्ही घाटंजीला लग्नाला गेलात आणि मी, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, शेजारच्या गॅरेजवाल्यांना हाताशी धरून लेथच्या पायांखाली लाकडी ठोकळे सरकवले. दुसऱ्या दिवशी तुम्ही परतल्यावर पहिलाच शाफ्ट एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघाला. ड्रायव्हर समोर उभा आहे. तुम्ही विचारता, "लेव्हल लावून पाह्यली होती का वं, मशीन सारखं बसलं का ते?" मी म्हणते, "हो, पाह्यली." तुम्ही शाफ्ट खाली ठेवता. "मंग मशीनले उंची मानवत नाही, बाई. वाका तं मानसालेच लागते." ठोकळे चुलीत गेले. मी अशी रुसले की तुम्ही असेपर्यंत पुन्हा वर्कशॉपात पाऊल टाकलं नाही. या माणसाला माझं ऐकायचंच नाही, असं धरून बसले.

तुम्ही गेल्यावर वर्कशॉप आवरायला गेले. लेथपुढची फळी उचलली, तर खाली वीतभर खोल खड्डा, कडेनं नीट सिमेंट केलेला. आई म्हणाली, "कमर गेल्यावर खंदला त्याईनं. म्हनत, पोरीचं बरोबर होतं; मशीन वर नाही जात, तं मीच खाली जातो. तुले सांगू नोको म्हनले, पोरगी हासन." मी त्या खड्ड्यात उतरले. शाफ्ट पकडणारा चक माझ्या खांद्याशी आला. तिथेच उभी राहून खूप रडले.

नव्या लेथची उंची त्या खड्ड्यावरूनच धरली. कल्पना कुठून सुचली असं लोक विचारतात, तेव्हा मी म्हणते, वडिलांकडून. पुढचं सांगत नाही. तुम्ही समोर असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं. लेव्हल तुमच्या कपाटात होती आणि किल्ली तुमच्या खिशात, घाटंजीला. मला एक दिवस धीर धरवला नाही. मी लेव्हल लावलीच नव्हती. मशीनला उंची मानवली असती, बाबा.