कोहळ्याचा पहिला चिरा

आई, मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस तुझ्यापेक्षा पांढरे झाले, तरी उन्हाळा सरत आला आणि कुणाच्या गच्चीवर वाळवणं दिसली की माझं डोकं तापतं. आज तर ओट्यावर कोहळाच बसलाय, माझ्याच परसातला, आणि रात्री भिजवलेली मुगाची डाळ वाटून तयार आहे. हे भाच्याच्या लग्नाला सावनेरला गेलेत, उद्या येतील. म्हणजे पुन्हा तेच! म्हणून म्हटलं, आधी तुझ्याशी भांडून घ्यावं.

आपल्या नंदनवनच्या घरावर तू कोहळ्याचा वेल चढवायचीस. छपराचे कवेलू फुटतील म्हणून बाबा कुरकुरायचे, तू ऐकायची नाहीस. थंडीत उतरवलेले कोहळे शिंक्यात टांगून तू उन्हाळ्यापर्यंत जपायचीस, आणि कुरडया, पापड, शेवया सगळं डब्यात गेलं की मृगाच्या आधी शेवटी कोहळ्याचा कीस आणि डाळीच्या वड्या घालायचीस. लावणं तुझं, पाणी घालणं माझं, उतरवणं तुझं. पण चिरायची वेळ आली की तुझे हात मागे. बाईने अख्ख्या कोहळ्याला पहिला चिरा देऊ नये, घरातल्या पुरुषाच्या जिवावर येतं म्हणे. बाबा खाणीत कामाला, शनिवारी रात्री घरी यायचे. रविवारी आंघोळ करून कोहळ्याला सुरी टेकवायचे आणि चहा प्यायला बसायचे. पुढचं सोलणं, किसणं, पिळणं आपल्या दोघींचं. तरी वर्षभर पाहुण्यांना सांगायचे, आम्ही वड्या घातल्या.

तो रविवार मला जसाच्या तसा आठवतो. बाबा आदल्या रात्री आलेच नाहीत, खाणीत दुसरी पाळी लागली असणार. डाळ भिजलेली, मी ती पहाटेच पाट्यावर वाटून ठेवलेली. ऊन चढतंय, आपल्याकडच्या त्या उन्हात डाळ किती वेळ तग धरणार? तू दारातून रस्त्याकडे बघतेस, आत येतेस, पुन्हा दारात जातेस. शेवटी मी सुरी उचलली. तू मनगटच धरलंस.

"ठेव थे सुरी! बापाच्या जिवावर उठली काय वं?"

"काहून? वेलाले पानी मी घातलं, डाळ मी वाटली, मंग चिरा मी दिला तर काय होते?"

"काई होते का नाई होत, मले पाहाचं नाई."

आणि मग तू काय केलंस, तर सुरी घेऊन फाटकात उभी राहिलीस. पदर खोचलेला, हाताला डाळ लागलेली, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पुरुषांना हाका मारतेस! पहिला सायकलवाला तुझ्या हातातली सुरी बघून जोरात पायडल मारत पळाला. मला हसू यायला हवं होतं, पण मी रागाने रडत होते. मग बर्फवाला आला, सायकलच्या मागे भुशात गुंडाळलेली लादी.

"ओ भाऊ, कोहळ्याले येक चिरा देऊन जा ना."

"बाई, बर्फाचं पानी होऊन राह्यलं माह्या!"

"अन् माही डाळ आंबून राह्यली!"

तो बिचारा आत आला, टेकवल्यासारखी सुरी टेकवली, ताक प्यायला आणि गेला. त्याला आपलं नावगाव ठाऊक नाही, वड्या कशा घालतात तेही ठाऊक नाही. पण त्याचा हात चालला. माझा नाही चालला. त्या वर्षीच्या वड्या आंबट झाल्या. बाबांना आपण काहीच सांगितलं नाही. ते जेवताना म्हणाले, "यंदा चव वेगळीच लागून राह्यली, झ्याक!" तू माझ्याकडे बघितलंस आणि मी ताटात बघत राहिले.

पुढे बाबा गेले, साध्या तापाने. खाणीने त्यांना काही केलं नाही, कोहळ्यानेही नाही. त्या पावसाळ्यात तू वेलाचं बीच लावलं नाहीस. शेजारणी विचारायला आल्या तर तू म्हणालीस, "घरात आता गडीमानूस नाई, कोन चिरा देते?" मी तिथेच उभी होते, हातात डबा, कचेरीत निघालेली. मी म्हटलं, "मी हाय ना." तू ऐकलंच नाहीस, का ऐकून न ऐकल्यासारखं केलंस? घर माझ्या पगारावर चाललं, आजारपणात तुला उचलून रिक्षात मी बसवलं, पण एका भोपळ्याच्या भावाला सुरी लावायला मी चालत नव्हते. त्यानंतर आपल्याकडे वड्या कधीच झाल्या नाहीत. कीस किती पिळायचा, डाळ कितपत जाड ठेवायची, विचारलं की "जाऊ दे" म्हणायचीस. सगळं बरोबर घेऊन गेलीस. गेल्या साली हे घरी होते, चिरा त्यांनी दिला, पण वड्या रश्श्यात फुटून सगळा लगदा झाला. त्याचाही राग तुझ्यावरच काढला.

इथपर्यंत लिहून उठले. डाळीला वास यायला लागला होता. रस्त्यावर गॅसवाल्याची गाडी उभी होती, ती मी खिडकीतून बघितली हे कबूल करते, पण हाक मारली नाही. सुरी घेतली आणि पहिला चिरा दिला. आतून पांढराशुभ्र निघाला, तुझे असायचे तसाच. 

कीस पिळून डाळीत कालवला, वड्या घालून झाल्या, गच्चीवर ऊन मनासारखं आहे. हे पत्र काही तुला पोचायचं नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही. चिरा दिल्यावर कीससुद्धा पाडायच्या आधी मी हात न धुता सावनेरला फोन लावला. ह्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, जेवलात का. आणि ते हो म्हणेपर्यंत मी श्वास धरून उभी होते.