गुडघ्याच्या आड आलेली दाढ

चिरंजीव शालकमहाशयांस,

अनेक आशीर्वाद. (वयाने मोठा म्हणून देतो. एरवी तुझ्या खुर्चीत बसलेला प्रत्येक माणूस देवाचे नाव घेतच असतो, तेव्हा तुला पुण्याची वानवा नसावी.) तू, तुझी सौभाग्यवती आणि धाकटीने भिंतींवर काढलेली चित्रे असे सगळे सुखरूप असाल अशी आशा करतो. इकडे तुझी ताई ठणठणीत आहे. मीही कमरेपासून वर आणि घोट्यापासून खाली उत्तम आहे. मधल्या मुलखात उजवा गुडघा लागतो, त्याची ही हकिकत.

या गुडघ्याने चार वर्षे माझ्याशी असहकार पुकारला आहे, हे तुला ठाऊक आहेच. तुझी ताई मुळात वाऱ्यासारखी चालणारी. पण संध्याकाळी तळ्याभोवती फेरी मारताना ती माझ्यासाठी एकेक पाऊल मोजून टाकते आणि वर "मला तरी कुठे घाई आहे?" असे म्हणते. तिचे टोमणे मी तीस वर्षे पचवले, ही दया मात्र पचेना. म्हणून धातूचा नवा गुडघा बसवून घ्यायचे ठरवले.

हाडांच्या डॉक्टरांनी सूचनांचा कागद दिला. औषधी साबणाने आंघोळ करावी, नाकात मलम लावावे, सगळे मी निष्ठेने केले. पायाला वस्तरा लावू नये ही सूचना कागदाच्या मागच्या बाजूला होती, आणि उत्तरपत्रिकेची मागची बाजू पाहा असे मुलांना तीस वर्षे ओरडून सांगणाऱ्या या संस्कृतच्या मास्तराने ती पाहिली नाही. उलट डॉक्टरांचे काम हलके व्हावे म्हणून शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी गुडघा स्वहस्ते तुळतुळीत केला. तीन ठिकाणी कापले. तुरटी फिरवली आणि विषय मिटला असे समजलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चादर बाजूला केली, गुडघा पाहिला आणि चादर पुन्हा घातली.

"हे कुणी केलं?"

"मीच. म्हटलं, स्वच्छ असावं."

"काका, हे तीन ओरखडे म्हणजे जंतूंना उघडे ठेवलेले तीन दरवाजे. घरी जा. तीन आठवड्यांनी या."

मग त्यांनी मला समजावून सांगितले, ते तुला माहीत असेल, तरी माझ्या शब्दांत ऐक. आपल्या मांसात रक्त फिरते आणि रक्तात पहारेकरी असतात. धातूत रक्त नाही, म्हणून तिथे पहाराही नाही. एखादा जंतू तिथवर पोचला की चिकटतो, गोतावळा जमवतो आणि मग सगळे मिळून अंगावर एक बुळबुळीत पांघरूण ओढून घेतात. त्यातून औषधसुद्धा धड आत शिरत नाही. मग बहुधा बसवलेला गुडघाच उपसून काढावा लागतो. (थोडक्यात, पंधरा दिवसांसाठी म्हणून आलेला पाहुणा हातपाय पसरतो तसे. शिकायला म्हणून तू आमच्याकडे पंधरा दिवसांसाठी आलास आणि चार वर्षे राहिलास, ते मला इथे मुळीच आठवले नाही.)

एवढे ऐकून मी गप्प बसायला हवे होते. पण मौनाचे माहात्म्य जन्मभर शिकवणाऱ्याला ते वर्गाबाहेर आठवत नाही. तीन ओरखड्यांना तीन आठवडे हा कुठला न्याय, असे विचारायला मी तोंड उघडले आणि तिथेच घात झाला. डॉक्टर वाकले, म्हणाले, "तसंच राहू द्या." खिशातून बॅटरी काढून त्यांनी आत पाहिले. डावीकडची खालची शेवटची दाढ, जी दोन वर्षे फक्त मला आणि लवंगेला माहीत होती, ती उजेडात आली.

"इथे पू आहे. ही दाढ निघाल्याशिवाय गुडघा नाही. इथले जंतू रक्तातून तिकडे पोचू शकतात."

मी म्हटले, "अहो, दाढ वर, गुडघा खाली, मधे एवढा मोठा मी!"

"काका, चालताना त्यांचे गुडघे दुखत नाहीत."

तुझी ताई शेजारीच उभी होती. ती एवढेच म्हणाली, "दोन वर्षं? आणि मला सांगत होतात, लवंगेनं आवाज सुटतो म्हणून!"

आता तुझ्या दवाखान्याच्या उद्‌घाटनाची गोष्ट. चौदा वर्षांपूर्वी भरल्या मंडपात मी तुला स्वरचित आशीर्वाद दिला होता: "पतन्तु दशना नॄणां, वर्धतां तव मन्दिरम्." लोकांचे दात पडोत आणि तुझी वास्तू वाढो. वर असेही जाहीर केले होते की माझे बत्तीसच्या बत्तीस शेवटपर्यंत माझ्याजवळ राहतील, आणि माझ्या तोंडात डोकावण्याचा योग तुला येणार नाही. तू सगळ्यांबरोबर हसलास. कान मात्र लाल झाले होते.

एवढे बोलून बसल्यावर तुझ्याकडे कोणत्या तोंडाने येणार? (विशेषतः याच तोंडाने.) म्हणून मी गुपचूप आमच्या कोपऱ्यावरच्या दंतवैद्य बाईंकडे गेलो. त्यांनी खुर्ची मागे टेकवली, गळ्याखाली कागदी रुमाल अडकवला, नाव वाचले आणि हातातले अवजार खाली ठेवले.

"तुम्ही आमच्या सरांचे भावोजी ना? श्लोकवाले?"

मी खुर्चीत जमेल तेवढा लहान झालो.

"सर दर वर्षी कॉलेजात पहिल्याच तासाला तो श्लोक म्हणून दाखवतात. मग सांगतात, हे गृहस्थ एक दिवस तुमच्यापैकी कुणाकडे तरी येतील. हात लावू नका, माझ्याकडे पाठवा." असे म्हणून बाईंनी रुमाल काढला, त्याची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली.

असो. या पत्रात तुझ्याकडे काही मागितलेले नाही हे तुझ्या लक्षात आले असेलच. बऱ्याच दिवसांत खुशाली कळवली नव्हती, एवढेच.

तुझा,
बत्तीस दातांचा (तूर्त) भावोजी

ता. क. गुरुवारी सकाळी मी तुमच्या गावावरून जाणार आहे. पुढे कुठे जाणार ते ठरलेले नाही. तीन आठवड्यांतला एक संपला आणि दाढेची जखम भरायला दोन लागतील, म्हणून गुरुवारच बरा. दवाखाना उघडा ठेव.

आणखी एक. सूड घ्यायचा असेल तर भूल पुरती चढल्यावर घे. माझे तोंड उघडे आणि तरीही मी निरुत्तर, ही संधी तुला पुन्हा मिळणार नाही. जुना श्लोक मागे घेतो. त्याऐवजी भिंतीवर हा लाव: "एकः पततु मे दन्तो, जानु तिष्ठतु मे चिरम्." माझा एक दात पडो, गुडघा मात्र चिरकाल टिको.

(पाकिटाच्या पाठीवर, वेगळ्या अक्षरात) पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. गुरुवारची वेळ मी डॉक्टरांनी दाढ पाहिली त्याच दिवशी तुला फोन करून घेतली होती, हे यांना सांगू नकोस. श्लोक जुळवण्यात दोन दिवस गेले, तेवढे दोन दिवस घरात शांतता होती. दाढ जपून काढ. मला या माणसाबरोबर अजून पुष्कळ भरभर चालायचं आहे. ताई.