व्हेनिसला आपलं कोणी नाही

नाना, या उन्हाळ्यात आम्ही दोघं युरोपला जायचं म्हणतोय. म्हणजे मी म्हणतोय. तुमची सून चार दिवसांपासून 'तुम्ही एकटेच जा' म्हणते आहे, आणि म्हणून हे तुम्हाला लिहायला बसलो. भांडण तिचं आणि माझं आहे, पण त्यात तुमचा हात आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी आहे. ती आली नाही तर मीही जाणार नाही, हे मी तिला अजून बोललेलो नाही. बोललो तर ती माझ्यासाठी म्हणून येईल, आणि तसं तिनं यायला नकोय.

आधी माझी बाजू ऐका. टूरवाल्यांकडे मी नाव नोंदवलं नाही. धुळ्यात आता तेही झालेत, काचेच्या दरवाजाचं ऑफिस आणि भिंतीवर बर्फाचे डोंगर. सकाळी अंधारात उठवून बसमध्ये घालतात आणि दुपारी परदेशात पनीर खाऊ घालतात. मला ते नको होतं. दहावीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण मोटार रिवाइंडिंगचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर ठेवून मी एकट्यानं लावलं, ते तुमच्या डोळ्यांसमोर. सबमर्सिबल पंपात तारेचा एक वेढा चुकला तर ती मोटार विहिरीत जळते आणि शेतकरी दुकानात येऊन उभा राहतो. त्या धाकात आयुष्य काढलेल्या माणसाला रेल्वेची वेळापत्रकं काय घाबरवणार? कोणत्या स्टेशनात गाडी बदलायची, या फलाटावरून त्या फलाटावर जाताना जिना आहे की सरकता पट्टा, हॉटेलपर्यंतचा रस्ता सपाट आहे की चढाचा (तिचा गुडघा दुखतो), रविवारी दुकानं बंद असतात तेव्हा दूध कुठे मिळेल, सगळं पाहून ठेवलं. कोणत्या देशाचा व्हिसा घ्यायचा याचाही नियम आहे, जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाचा. टूरवाल्याकडच्या पोराला तो सांगता आला नाही, मी त्याला सांगितला. हे सांगताना मला बरं वाटलं, ते तुमच्यापासून काय लपवायचं.

सुरुवातीला तीनच गावं होती. पॅरिस माझ्यासाठी, स्वित्झर्लंडमधलं तळ्याकाठचं एक गाव दोघांसाठी, आणि व्हेनिस तिच्यासाठी. तिनं कुठल्याशा कॅलेंडरवर पाण्यातली ती घरं पाहिली होती आणि ते पान वर्ष संपल्यावरही फाडलं नव्हतं. मग ही बातमी गावी, सावद्याला गेली. कशी गेली ते विचारू नका, मीच फोनवर बोललो. दुसऱ्या दिवशी थोरल्या दादांचा फोन: पोरगा जर्मनीत, स्टुटगार्टला आहे, त्याच्याकडे उतरल्याशिवाय कसं चालेल. बरोबर होतं. मी एक गाव वाढवलं. मग हिच्या मावसबहिणीचा फोन, तिची लेक हॉलंडमध्ये आहे, दोन महिन्यांचं बाळ आहे, बाळंतिणीला डिंकाचे लाडू कोण नेणार. तेही बरोबर होतं. मग आपल्या गल्लीतल्या मास्तरांचा नातू ब्रुसेल्सला असल्याचं कळलं. लाडूंमागून उडदाचे पापड आले, पापडांमागून केळीचे वेफर, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, आणि कोणीतरी तर वरणाच्या डाळीची पिशवी आणून ठेवली. मी बॅग काट्यावर चढवली तर त्यात आमचे कपडे बसायला जागा उरली नव्हती. पण नकाशावर रेघ कशी जुळून आली होती म्हणून सांगू! प्रत्येक मुक्कामाला आपलं माणूस. हॉटेल म्हणून कुठे लागत नव्हतं. फक्त दिवस कमी पडत होते, म्हणून मी स्वित्झर्लंड काढलं, आणि मग व्हेनिस काढलं.

हा बेत मी तिला वाचून दाखवला तेव्हा ती ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मी मन लावून वाचत होतो, गाड्यांच्या वेळांसकट. शेवटाला तिनं विचारलं, "आणि व्हेनिस?"

"व्हेनिसला आपलं कोणी नाही," मी म्हणालो. मला वाटलं, याच्यावर बोलायला जागाच नाही.

"म्हणूनच जायचं होतं," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मी परत रेघ दाखवायला लागलो, इथून तिथे किती जवळ पडतं वगैरे. तेव्हा तिनं सूप बाजूला सारलं. तुम्हाला माहीत आहे, एरवी ती आपल्यासारखंच बोलते, पण मनातून बोलायची वेळ आली की तिच्या माहेरची, पिंपळनेरची अहिराणी बाहेर येते. "हाई बठ्ठं कोनासाठे शे?" तिनं विचारलं. कोणासाठी हे सगळं, म्हणून. मग तिनं एकेका घराचा हिशेब सांगितला, अगदी शांतपणे. जर्मनीत पोहोचलो की दादांच्या सुनेला मदत म्हणून पोळ्या लाटायच्या. हॉलंडला बाळाला न्हाऊ घालायचं. ब्रुसेल्सला मास्तरांच्या नातवाला खान्देशी शेवभाजी हवी असेल, तो मागणार नाही पण मास्तर फोनवर सांगतील. "मग चाळीसगाव, साक्री, पिंपळनेर काय वाईट होतं?" ती म्हणाली. "तिथंही हेच करते मी. विमानात बसून जाऊन कशाला करू?" आणि सूप पुन्हा पुढ्यात ओढून घेतलं. तेव्हापासून विषय काढला की 'तुम्ही एकटेच जा', एवढंच.

आता यात तुमचा हात कसा ते सांगतो. ओळखीचं गाव ओलांडून जायचं नाही, हा तुमचा कायदा. आपल्या घरात देवापेक्षा तो मोठा होता. माझा डिप्लोमावाल्यांबरोबर नोकरीचा इंटरव्ह्यू होता, मुंबईला, आणि परतताना मी चाळीसगावला न उतरता थेट घरी आलो. तुम्ही पायरीवर बसला होता. इंटरव्ह्यूचं विचारलं नाही. "आत्याचं गाव वलांडून आला? मंग घरची वाट तरी कशी सापडली तुले?" एवढं म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं मला उलटं चाळीसगावला पाठवलं. मी धुमसत गेलो. आत्या दारातच होती. तिनं मला कळण्याची भाकरी वाढली, ठेचा वाढला, आणि समोर बसून म्हणाली, घरातून मले गाड्यांची शिट्टी ऐकू येते, कोन गेलं कोन उतरलं काय माहीत. विधवा बाई, पोरबाळ नाही. मी जेवत होतो आणि ती माझ्याकडे बघत होती. तुमचा कायदा का होता ते मला त्या भाकरीवर कळलं, आणि पुढे मी तो कधी मोडला नाही. तुम्ही गेलात तेव्हा त्याच सगळ्या घरांतली माणसं आपल्या दारात उभी होती. म्हणून मी तुम्हाला चूक म्हणत नाहीये. तसं समजू नका.

पण ही ओट्यावरून उठून गेल्यावर मला दुसरंच आठवायला लागलं. आपण सगळे त्र्यंबकेश्वरला गेलो होतो ते. आयुष्यात आईला तुम्ही तेवढा एकच प्रवास घडवलात. आधी चाळीसगाव, आत्याकडे. आपण सगळे बाहेर ओसरीवर टेकलेले आहोत, तुम्ही पाणी पिताय, आणि आई प्रवासातलं लुगडं तसंच खोचून थेट आत जाते आहे. आतून भाकऱ्या थापल्याचा आवाज येतो आहे. मग नाशिक, तुमच्या मावसभावाकडे. तिथेही तेच. तुम्ही आणि काका मला गोदावरीचा घाट दाखवून आणता, आणि आम्ही परतेपर्यंत ती त्या घरच्या बाईबरोबर वांगी चिरत बसलेली आहे. त्र्यंबकला ती आली, पण स्वयंपाक अर्धा टाकून आली होती, तिचं लक्ष परतीकडे. सावद्याला आल्यावर मी तिला विचारलं होतं, तुला काय आवडलं सगळ्यांत? मला वाटलं, देव म्हणेल. ती म्हणाली, "मनमाडले गाडी लेट झाली व्हती ना, ते बरं वाटलं."

मनमाड आठवतं का तुम्हाला? तुम्ही स्टेशन मास्तरांवर चिडून फेऱ्या मारत होता. ती बाकावर बसली होती, पाय वर घेऊन. कागदाच्या पुडीतले शेंगदाणे एकेक करून खात होती आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत होती. कुणाला तिच्याकडून काही नको होतं. मी तिला तशी बसलेली त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. तुमच्या ते ध्यानात आलं होतं का, हे मला तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही असताना सुचलं नाही.

हे इथवर लिहून ठेवलं होतं. मधे आठवडाभर दुकानात गर्दी होती, उन्हाळ्यात मोटारी जळतातच. पण मधे बरंच झालंय, ते सांगतो.

मी पहिला फोन जर्मनीला केला. दादांच्या पोराला सांगितलं की बाबा, येणं जमत नाही, तुझी काकू दमते, आम्ही वेगळीकडे चाललोय. दोन वाक्यं मी आधी घोकून ठेवली होती, तो रागावला तर म्हणायला. ती लागलीच नाहीत. तो म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण बरं झालं. आमचं घर म्हणजे दीड खोली. ही आठवडाभर गाद्या कुणाकडून आणायच्या याच काळजीत आहे. तुम्हाला नाही कसं म्हणणार?" आणि मागून त्याच्या बायकोचा हसण्याचा आवाज आला. नाना, मी इकडे त्यांच्या घरी जाणं कर्तव्य समजत होतो आणि ते तिकडे गाद्या शोधत होते. मास्तरांचा नातू तर सुट्टीला इकडेच येणार होता, त्यानं आजोबांना सांगितलंच नव्हतं. हॉलंडच्या पोरीला मात्र लागलं. "ठीक आहे काका" म्हणाली, बाळ रडतंय म्हणून फोन ठेवला. बाळाचा आवाज मला आला नाही. मग संध्याकाळी तुमच्या सुनेनंच तिला फोन लावला, आतल्या खोलीत दार लोटून, आणि बाहेर आल्यावर म्हणाली, लाडू कुरिअरनं पाठवायचेत. दादा अजून माझ्याशी तुटक बोलतात. पोरानं त्यांना गाद्यांचं सांगितलेलं नाही, आणि मीही सांगणार नाही.

मग मी नवा बेत मांडला. पुन्हा तीनच गावं, त्यात सगळ्यांत जास्त रात्री व्हेनिसला. खोल्या निवडताना मी माझी हुशारी लावली होती: प्रत्येक ठिकाणी शेगडी, भांडी, छोटा फ्रीज, म्हणजे तिला भात लावता येईल, बाहेरचं सोसलं नाही तर. हे मी तिला मोठ्या प्रेमानं दाखवलं. तिनं चष्मा लावून मोबाईलवर एकेक फोटो पाहिला. शेगडीच्या फोटोवर थांबली. मला वाटलं, खूश झाली.

"शेगडी नसलेली खोली बघा," ती म्हणाली.

एवढंच. पण आठवडाभरात तिनं त्या सहलीबद्दल पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी तिथल्या तिथे सगळं रद्द करून पुन्हा शोधायला बसलो. त्या साइटवर शेगडी असलेल्या खोल्या वेगळ्या काढता येतात, नसलेल्या काढता येत नाहीत. एकेक उघडून पाहावी लागते. मी एकेक उघडून पाहिली. व्हेनिसची जी सापडली तिच्यात एक पलंग, एक खुर्ची, आणि खिडकीखाली पाणी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर तिनं तिचा पासपोर्ट माझ्या व्हिसाच्या फायलीवर आणून ठेवला. मी दोघांचे पासपोर्ट एकत्र करून फायलीत लावले.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागतं. परवा गाडी घेऊन गेलो, दोघंच. तिकडचं काम सुरळीत झालं. माझ्या कागदात काउंटरवरच्या मुलीला काही काढता आलं नाही, तिनं फाइल दोनदा उलटसुलट केली. परतताना नाशिक आलं. ताई नाशिकला असते, तुमची लाडकी लेक. आम्ही मुंबईला जाणार हे तिला ठाऊक नव्हतं. उड्डाणपुलावरून तिच्या भागात उतरायचा रस्ता आला तसा माझ्या हातानं आपोआप इंडिकेटर लावला. टिक-टिक वाजत होतं. शेजारी ही समोर बघत बसली होती, मांडीवर पाण्याची बाटली. थांबू नका म्हणाली नाही, थांबा म्हणाली नाही. मी इंडिकेटर बंद केला आणि सरळ गेलो.

पुढे चांदवडच्या अलीकडे एका ढाब्यावर उतरलो. तिनं स्वतःच मेनू मागवला, उलटापालटा करून बघितला, आणि पोऱ्याला विचारलं की भाकरी कोण करतं. आतल्या बाईचं नाव त्यानं सांगितलं तेव्हा म्हणाली, मग दोन आण. चुलीच्या बाजूला न बसता ती रस्त्याकडे तोंड करून बसली. ट्रक जात होते, ती बघत होती. व्हेनिसला पाण्याचा वास येतो का हो, असं तिनं मला विचारलं. मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

हे पत्र ताईच्या हाती लागू नये म्हणून दुकानातल्या कपाटात ठेवतोय. तिला अजून काही सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला सांगितलं ते रागावायला तुम्ही इथे नाही म्हणून. ताईचं गाव ओलांडलं, नाना. रात्री घरी पोहोचेपर्यंत मी मनात वाईट वाटायची वाट बघत होतो. वाटलं नाही.