आंब्यापासून दुसरा गिअर

लिलाँग्वे
मंगळवार, ४ मार्च १९९७, पहाटे ५ वाजून ४० मिनिटे
(वर्गाची बस आत्ताच धुऊन झाली, हात ओले आहेत, अक्षराला हसू नये)

ती. साउलोसी मामांस,
लिंबिकानीचा गुडघे टेकून नमस्कार. वि. वि.

मी खुशाल आहे. बस कंपनी गाडी हातात देण्याआधी दोन आठवडे वर्गात बसवते, हे तुम्हाला माहीत आहे. काल फोया मास्तरांनी विचारलं की उताराला गाडी न्यूट्रल कोण करतं. अकराही जणांनी हात वर केले. माझा सगळ्यांत उंच होता. मी उठून सांगितलंही की माझ्या मामांनी शिकवलंय, डिझेल वाचतं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी जळून काळं पडलेलं ब्रेकचं लायनर प्रत्येकाच्या हातात दिलं आणि वास घ्यायला लावला. तो वास मी ओळखला, मामा. न्यूट्रल केलं की इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापून लागेनासे होतात, आणि तेवढ्या वेगात मग गिअरही पडत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं. मी वहीत तीनदा लिहून घेतलं.

आईने कळवलंय की शनिवारी, १५ तारखेला, तियामिकेच्या लग्नाला सगळे तुमच्याच ट्रकने देड्झाहून खाली गोलोमोटीला जाणार. बटाट्याची ऐंशी पोती आणि पोत्यांवर आई, तियामिके धरून बावीस माणसं. माझी एकच बहीण आहे. घाटमाथ्यावरच्या आंब्यापासून खालीपर्यंत दुसरा गिअर ठेवा, एवढंच मागणं.

भाच्याने मामाला शिकवू नये, हे मला कळतं. म्हणून आईला पैसे पाठवलेत, ती रीतीप्रमाणे कोंबडी घेऊन येईल. कोंबडी खाल्ली की गाऱ्हाणं ऐकलंच पाहिजे, असं घरातल्या भांडणांत तुम्हीच म्हणता.

राग आला तरी लोभ काढून घेऊ नका.
तुमचा भाचा,
लिंबिकानी

देड्झा
८ मार्च

चि. लिंबिकानीस मामाचे आशीर्वाद, आणि एक टपली.

तुझी आई कोंबडी काखेत धरून आली तेव्हा मला वाटलं कुणी गेलं की काय. मामीने शेंगदाण्याच्या कुटात शिजवली. जरा चिवटच निघाली, तुझ्या पत्रासारखी.

अरे गुरुजी, अठरा वर्षं मी हा घाट उतरतोय. कालपरवापर्यंत तू टायरमागे लावायचा ठोकळा घेऊन माझ्या ट्रकमागे धापा टाकत पळायचास, आणि आज मला गिअर शिकवतोस? मालक फेरीला मोजून चाळीस लिटर देतो. न्यूट्रलवर सहा वाचतात, ते मी विकतो. तुझी आठवीपर्यंतची फी त्या सहा लिटरांतून गेली. तियामिकेच्या लग्नाचे तांदूळही त्यातूनच यायचेत. हे तुझ्या मास्तराने फळ्यावर लिहिलं का?

मामी म्हणते, कोंबडी खाल्ली, आता उत्तर द्यावं लागेल. हे दिलं. जेवत जा, काळजीने वाळू नकोस.

तुझ्यावर होता तेवढाच जीव असलेला,
साउलोसी

लिलाँग्वे
मंगळवार, ११ मार्च, दुपारी १ वाजून १० मिनिटे, जेवणाच्या सुट्टीत

ती. मामांस सा. न. वि. वि.

फीचं वाचलं आणि पत्र दोनदा खाली ठेवलं. तरी लिहितो.

गेल्या जूनमध्ये तिसऱ्या वळणाखाली तुम्ही ब्रेक तीनदा दाबलात. पाय फळीला टेकला, गाडी थांबली नाही. पुढे चढ आला म्हणून थांबली. मला थंड पाजलंत आणि आईला सांगू नकोस म्हणालात. मी आजवर सांगितलेलं नाही. वास तोच होता. त्या दिवशी पोत्यांवर कुणी नव्हतं.

शनिवारी नऊ वाजता माझी परीक्षा आहे. सुट्टी मागितली, मिळाली नाही. तुम्ही न्यूट्रलच करणार असाल तर आंब्यापाशी ट्रक थांबवा आणि का ते सांगून सगळ्यांना उतरवा. सगळे चालत येतील. वऱ्हाड उशिरा पोचेल, पण पोचेल.

माझ्यावर रागवा, पण एवढं करा.
लिंबिकानी

गोलोमोटी
रविवार, १६ मार्च

चि. लिंबिकानीस आशीर्वाद.

लग्न लागलं. तियामिके रडली नाही, मीच रडलो. चुलीच्या धुराने, असं सगळ्यांना सांगितलं.

आंब्यापाशी ट्रक थांबवला. तुझ्यासाठी नाही, इंजिनाचं पाणी बघायला. वर बायका गात होत्या. उतरा म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. दोनदा तोंड उघडलं. तुझ्या आईने वरून विचारलं की दादा काही विसरला की काय. मग आत बसलो आणि दुसरा टाकला.

घाटभर इंजिन बोंबलत होतं. बायका वरून विचारत होत्या की नवरा म्हातारा व्हायची वाट बघतोस का. तिसऱ्या वळणाखाली एका पोरीचा सरपणाचा भारा रस्त्यात सुटला होता, ती काटक्या वेचत होती. ब्रेक दाबला. लागला. तिच्यापासून दोन पोत्यांच्या अंतरावर उभा राहिलो. तिने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा वेचायला लागली. खाली उतरून मी ब्रेकच्या ड्रमवर हात ठेवला. चटका बसला, पण ठेवता आला.

डिझेल थेंबभर उरलं नाही. तांदूळ उधार आणले. तुझ्या मास्तराला विचार, लायनर किती फेऱ्यांनी बदलायचं. माझ्यासाठी नाही, दुसरा एक जण विचारतोय.

हे सगळं कोंबडी खाल्ली होती म्हणून. फुशारू नकोस.
साउलोसी

लिलाँग्वे
गुरुवार, २० मार्च, सकाळी ६ वाजता, पहिली फेरी सुटण्याआधी

ती. मामांस गुडघे टेकून नमस्कार.

पास झालो, गाडी मिळाली. मास्तर म्हणतात, त्या दुसऱ्या जणाने लायनर काढून दाखवायला आणावं, लाजू नये. हिशेब लिहून ठेवतो, म्हणजे कुणी विसरायला नको.

खर्च: कोंबडी, ४० क्वाचा. वही आणि पेन, ९ क्वाचा.
माझ्या पगारातून देणं: सहा लिटर, लिटरला सात क्वाचाने, ४२ क्वाचा. दर फेरीला, मामांना, जोवर ते दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरतात तोवर.

लिंबिकानी